शिवणीतले भोक

तुमचा रेनकोट प्रथम कोठे गळू लागतो हे तुम्ही कधी नीट पाहिले आहे काय? कापड फाटलेले नसेल तर ते सहसा गळत नाही. ओल येते ती खांद्यावरून, काखेतून किंवा टोपी गळ्याला जोडलेली असते तेथून; म्हणजेच शिवणीतून. कारखान्यात कापडावर पाणी न झिरपणारा थर चढवतात आणि नंतर त्याच कापडात शिलाई यंत्राची सुई हजारो भोके पाडते! चांगल्या रेनकोटाची शिवण आतून उलटवून पाहा. तिच्यावर एक अरुंद, गुळगुळीत पट्टी चिकटवलेली दिसेल. स्वस्तातल्या रेनकोटाला ती नसते.

ही अरुंद पट्टी 2020 साली आपल्या देशाला एकाएकी फार मोलाची वाटू लागली. का ते पाहू.

9 मार्च 2020 रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिले दोन कोरोनाबाधित रुग्ण सापडले आणि काही दिवसांतच पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळू लागले. तुमच्यापैकी जे त्या भागात राहतात त्यांना तिथला भूगोल सांगायला नको. पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने निघाले की खडकी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड. नाशिक रस्त्याने निघाले की भोसरी, मोशी, चाकण. मोटारी, दुचाकी, त्यांचे सुटे भाग, रबर, प्लॅस्टिक, रंग असे बहुतेक सारे या पट्ट्यात तयार होते. शिवाय खडकी आणि देहूरोड येथे सैन्यासाठी दारूगोळा बनवणारे सरकारी कारखाने आहेत. असे असूनही त्या वसंतात येथील रुग्णालयांना, देशातील इतर रुग्णालयांप्रमाणेच, डॉक्टर व परिचारिकांच्या अंगावर घालायच्या संरक्षक पोशाखाची चिंता पडली होती. देशात काही ठिकाणी डॉक्टरांनी रेनकोट घालून काम केल्याच्या बातम्या तुमच्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुंबईतील एका खाजगी रुग्णालयात 26 परिचारिका आणि 3 डॉक्टरांना लागण झाल्याचे उघड झाले व ते रुग्णालयच बंद करावे लागले.

आता प्रश्न असा की, जो पट्टा मोटारीचे इंजिन बनवतो त्याला अंगभर घालायचा एक सूट शिवता येऊ नये काय?

काही वस्तू झटपट बनल्याही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याने हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर बनवले. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात चेहऱ्यापुढे धरायच्या पारदर्शक ढाली, म्हणजे फेस शील्ड, तयार होऊ लागल्या. महिंद्र कंपनीनेही मुंबईत कांदिवलीला फोर्ड कंपनीच्या आराखड्यावरून तशाच ढाली केल्या. मर्सिडीज-बेंझ कंपनीने पुणे जिल्हा परिषदेबरोबर चाकणजवळ म्हाळुंगे-इंगळे येथे तात्पुरते रुग्णालय उभारण्याचे काम हाती घेतले.

फेस शील्ड मोटारीच्या कारखान्यात चटकन का बनली, हे कळले की सूट का बनला नाही हेही कळते. फेस शील्ड म्हणजे प्लॅस्टिकचा एक अखंड पत्रा, कपाळाला टेकणारी स्पंजाची पट्टी आणि डोक्यामागून जाणारे इलॅस्टिक. तिला शिवण नाही. समोरून उडालेला थेंब पत्र्यावर आदळतो व खाली ओघळतो. ती शाबूत आहे की तडकलेली, हे डोळ्यांना दिसते. सूटचे तसे नाही. तो शाबूत आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, आणि खरेदीची सारी अडचण येथूनच सुरू होते.

या सूटचे कापड मागावर विणलेले नसते. पॉलिप्रॉपिलीन नावाचे प्लॅस्टिक वितळवून त्याचे बारीक तंतू काढतात, ते जाळ्यासारखे एकावर एक पसरतात आणि उष्णतेने व दाबाने एकमेकांना चिकटवतात. द्रव अडावा म्हणून त्यावर बहुधा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्राही बसवतात. अशा कापडाचे तुकडे कापून हात, पाय, धड व टोपी जोडतात. समजा, एका सूटमध्ये सारी मिळून 8 मीटर शिवण आहे आणि सेंटिमीटरला 3 टाके पडतात. मग भोके किती झाली? 2400! प्रत्येक भोक साधारण सुईच्या जाडीचे, म्हणजे जवळजवळ 0.9 मिलिमीटर व्यासाचे.

एवढ्याशा भोकातून रक्त येईल काय? येथे नववी-दहावीचे पदार्थविज्ञान उपयोगी पडते. द्रवाच्या पृष्ठभागावर एक ताण असतो. त्याला पृष्ठताण म्हणतात. अळवाच्या पानावर पाण्याचा मोती होतो तो याच ताणामुळे. द्रव ज्याला भिजवत नाही अशा कापडातील भोकाच्या तोंडाशी द्रवाचा फुगवटा तयार होतो आणि भोकाच्या कडेभोवतीचा ताण त्याला अडवून धरतो. हा ताण भोकाच्या परिघावर काम करतो, तर द्रवाचा दाब भोकाच्या क्षेत्रफळावर. दोघांचे समीकरण मांडले तर असे मिळते:

भोक जास्तीत जास्त जो दाब सोसेल तो = 4 × पृष्ठताण ÷ भोकाचा व्यास

पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 0.072 न्यूटन असतो. म्हणून 0.9 मिलिमीटरचे भोक पाण्याचा 320 पास्कल दाब सोसेल, म्हणजे सुमारे 3.3 सेंटिमीटर उंचीचा स्तंभ. पण रक्त पाण्याहून लवकर पसरते. चाचणीसाठी जे कृत्रिम रक्त वापरतात त्याचा पृष्ठताण मुद्दाम 0.042 न्यूटन ठेवलेला असतो. त्याला तेच भोक फक्त 187 पास्कलपर्यंत अडवू शकेल. हा झाला जेमतेम 2 सेंटिमीटरचा स्तंभ! भोकात दोरा असतो हे खरे, पण दोरा सगळे भोक बुजवत नाही, आणि तो सुती असेल तर दिव्याच्या वातीप्रमाणे द्रव उलट आतच ओढून घेतो.

नळाखाली सूट धरून 'पाणी येत नाही, म्हणजे ठीक आहे' असे म्हणणाऱ्याची फसगत कशी होते, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

मग सूटने किती दाब सोसायला हवा? नुसता थेंब उडाला तर फारसा दाब पडत नाही. पण परिचारिका रुग्णाला उचलताना भिजलेल्या चादरीवर हात टेकते. हाताचा 1 किलोग्रॅम भार 25 चौरस सेंटिमीटर जागेवर पडला असे धरा. दाब होतो सुमारे 3.9 किलोपास्कल. कोपरावर 5 किलोग्रॅम भार दिला तर त्याच जागेवर जवळजवळ 20 किलोपास्कल. आयएसओ 16603 या आंतरराष्ट्रीय मानकात कापडाच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत: 0, 1.75, 3.5, 7, 14 आणि 20 किलोपास्कल. चाचणी करताना कापडाचा किंवा शिवणीचा तुकडा एका धातूच्या पेटीत घट्ट आवळतात, एका बाजूला तांबडे कृत्रिम रक्त भरतात आणि दाब पायरीपायरीने वाढवत प्रत्येक पायरीवर 5 मिनिटे थांबतात. दुसऱ्या बाजूला तांबडा ठिपका दिसला की नमुना त्या पायरीवर नापास. भारत सरकारने कोविडच्या कामासाठी किमान तिसरी पायरी, म्हणजे 3.5 किलोपास्कल, बंधनकारक केली. वरच्या सूत्रात हा दाब घालून पाहा. भोक 0.048 मिलिमीटरपेक्षा मोठे असता कामा नये, असे उत्तर येईल. माणसाच्या डोक्याचा केस साधारणत: याहून जाड असतो.

म्हणजे सूट शिवणारा शिंपी कितीही कुशल असला तरी सुईने केलेले भोक पट्टीने किंवा आणखी कशाने तरी बुजवल्याखेरीज ही परीक्षा उतरणे कठीण. ही पट्टी गरम हवेने वितळवून शिवणीवर दाबून बसवतात. त्यासाठी वेगळे यंत्र लागते. पट्टी आणि यंत्र या दोन्ही वस्तू तेव्हा प्रामुख्याने परदेशांतून येत, आणि सगळे जग एकाच वेळी त्यांच्या मागे लागले होते.

सैन्यदलांचे खरेदीचे शास्त्र या बाबतीत मोठे बोधक आहे. सैन्य एरवी बूट घेवो की तंबू, आधी वस्तूचे वर्णन लिहून काढते, निविदा मागवते, नमुना तपासते आणि माल आल्यावर प्रत्येक गठ्ठ्यातून पुन्हा नमुने काढून पाहते. यात महिने जातात. पुष्कळ लोक याला लाल फीत म्हणून हसतात. परंतु त्या वेळखाऊ पद्धतीतच वस्तूचे खरे-खोटे ठरते. साथीत महिने नव्हते. मग काय गाळायचे? निविदा गाळता येते, मंजुरीच्या सह्या कमी करता येतात. चाचणी मात्र गाळता येत नाही. एप्रिल 2020 मध्ये चीनहून आलेल्या 1,70,000 सूटांपैकी सुमारे 50,000 सूट ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील तपासणीत नापास झाल्याचे वृत्तपत्रांत आले होते. चाचणी गाळली असती तर तेही कोणाच्या तरी अंगावर चढले असते.

पण चाचणी करायची कोठे? प्रारंभी या कामाचा भार मुख्यत: कोइमतूरच्या सिट्रा या वस्त्र-संशोधन संस्थेवर होता. पुण्याहून कोइमतूर हजार किलोमीटरहून अधिक दूर, आणि 25 मार्चपासून सबंध देशात टाळेबंदी. सहाही पायऱ्या तपासायच्या तर एका नमुन्याला यंत्र अर्धा तास अडकते. म्हणजे आठ तासांत फार तर 16 नमुने. त्यात पेटी धुणे, पुसणे व पुन्हा भरणे धरलेलेच नाही. कापड वेगळे, शिवण वेगळी, शिवाय प्रत्येक कारखानदाराचा माल वेगळा. माझ्या मते खरा बोळा येथे बसला होता. शिंपी घरी बसून होते आणि कापडही मिळवता आले असते, पण 'हा सूट चालेल' असे सांगणारी यंत्रेच अपुरी होती.

यावर तीन वाटांनी उपाय झाले आणि तिन्हींत संरक्षण खात्याचा हात होता.

पहिली वाट पट्टीला पर्याय शोधण्याची. संरक्षण संशोधन आणि विकास संघटना, म्हणजे डीआरडीओ, हिच्या शास्त्रज्ञांनी जैविक हल्ल्यापासून बचावाचा सूट आधीच तयार केला होता. त्याचे उत्पादन पट्टीअभावी रखडले. तेव्हा पाणबुडीत सांधे बंद करण्यासाठी जे लुकण वापरतात त्याच्या आधारे त्यांनी शिवणीवर लावायचे एक खास लुकण बनवले. एप्रिलच्या आरंभी त्याची घोषणा झाली. समुद्राच्या पोटात पाण्याला अडवणारा पदार्थ परिचारिकेच्या बाहीवर आला! ही कल्पना मला फार आवडते. पाणबुडीचा सांधा काय आणि सूटची शिवण काय, दोन्हीकडे दाबाखालचा द्रव फटीतून आत शिरू पाहत असतो.

दुसरी वाट सरकारी आयुध कारखान्यांची. सैनिकांचे गणवेश व तंबू शिवणारे कानपूर, शहाजहानपूर, हजरतपूर आणि चेन्नईजवळच्या अवाडी येथील कारखाने सूट शिवू लागले. एचएलएल लाइफकेअर ही सरकारी कंपनी देशासाठी खरेदी करत होती. तिने त्यांच्याकडे पहिल्यांदा 1,10,000 सूट मागितले. आपल्या भंडाऱ्याच्या कारखान्याने सॅनिटायझर केले. परंतु त्याहून मोलाची गोष्ट चाचणीची. तोफा, रणगाडे व धातूचे सुटे भाग बनवणाऱ्या काही कारखान्यांनी रक्त-चाचणीची सोय आपल्याकडे उभी केली आणि त्यांना सूट तपासण्याची मान्यता मिळाली. अवाडी, कानपूर, मुरादनगर, इशापूर यांबरोबर आपले अंबरनाथही त्या यादीत होते. यात नवल नाही. तोफेच्या कामाला जी काटेकोर मापे लागतात तीच गळती न होणारी पेटी करायला लागतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईची वस्त्र समितीही स्वदेशी यंत्र घेऊन या कामात उतरली. पास झालेल्या मालाला एक प्रमाण-क्रमांक मिळे व तो सूटवर छापावा लागे. त्यावरून कोणाचे कापड, कोणाची शिलाई हे शोधून काढता येई.

तिसरी वाट नौदलाची, आणि ती मुंबईतली आहे. नौदल वैद्यक संस्था आणि नौदल गोदी यांनी मिळून एक सूट तयार केला. पुढे त्याला 'नवरक्षक' असे नाव मिळाले. दिल्लीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेत तो सहापैकी सहावी पायरी, म्हणजे 20 किलोपास्कल, पार करून गेला. विशेष हे की, याच्या शिवणीला पट्टीची गरज नाही आणि कापडाला प्लॅस्टिकचा पापुद्राही नाही, असे त्याच्या निर्मात्यांनी सांगितले. साधी शिलाई जाणणाऱ्या छोट्या कारखान्यालाही तो करता यावा, महाग यंत्र आणावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. सारी मदार कापडाच्या निवडीवर! सुई निघून गेल्यावर ज्याचे तंतू दोऱ्याभोवती पुन्हा घट्ट बसतात अशा कापडात मोकळे भोक फार लहान उरते, हे आपल्या सूत्राशी जुळणारेच आहे. नौदलाने त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि जून 2020 मध्ये हे तंत्र मुंबई, कोलकाता, बंगळूर व बडोदे येथील पाच लहान उद्योगांना देण्यात आले.

पापुद्रा नसण्याचा आणखी एक लाभ आहे. प्लॅस्टिकमधून घामाची वाफ बाहेर पडत नाही. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, वातानुकूलन बंद ठेवलेल्या कक्षात, सहा-सहा तास असा सूट घालून वावरणाऱ्या परिचारिकेची काय अवस्था होत असेल याची कल्पना करा. द्रवाला अडवायचे आणि वाफेला सोडायचे, या दोन परस्परविरोधी मागण्या एकाच कापडाकडे कराव्या लागतात. म्हणून चांगला सूट शोधणे हे नुसते जाड प्लॅस्टिक शोधण्यासारखे सोपे नाही.

येथे एक खुलासा करायला हवा. कोरोना विषाणू मुख्यत: श्वासावाटे, हवेतील सूक्ष्म थेंबांतून पसरतो. तेव्हा सूटपेक्षाही नाका-तोंडावरील एन-95 मुखपट्टी महत्त्वाची, हे आज आपण अधिक खात्रीने सांगू शकतो. तिचे विज्ञान अगदी निराळे आहे. तिच्या तंतूंवर स्थिर विद्युतप्रभार असतो आणि तो कणांना ओढून घेतो. म्हणून ती साबणाने धुतली की तिचा गुण कमी होतो. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

जानेवारी 2020 मध्ये देशात असे सूट जवळजवळ बनतच नव्हते. मेअखेरीस दररोज साडेचार लाखांवर बनू लागल्याचे केंद्र सरकारने सांगितले. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली तेव्हा खरेदीचे नियमही सैल झाले. 30 एप्रिल 2021 रोजी संरक्षण मंत्रालयाने सैन्यदलांना आणीबाणीचे आर्थिक अधिकार दिले. कोअर किंवा एरिया कमांडरला एका प्रकरणात 50 लाख रुपयांपर्यंत, तर डिव्हिजन किंवा सब-एरिया कमांडरला 20 लाखांपर्यंत खर्च वरून मंजुरी न मागवता करता येऊ लागला. हे अधिकार प्रथम 1 मे ते 31 जुलै या तीन महिन्यांपुरते होते. आयुध कारखान्यांचे जुने मंडळही ऑक्टोबर 2021 मध्ये बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी पुण्याला आली, तर गणवेशाची कानपूरला.

आता एक प्रयोग. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात ती पारदर्शक नळी मीटरभर मिळवा. जुन्या रेनकोटाच्या कापडाचा तुकडा तिच्या एका तोंडावर रबराने घट्ट बांधा आणि ते तोंड खाली करून नळी उभी धरा. वरून ड्रॉपरने हळूहळू पाणी सोडा. पहिला थेंब खाली पडेल तेव्हा पाण्याची उंची मोजून वहीत लिहा. कदाचित नळी भरेपर्यंत थेंब पडणारच नाही. आता तशाच दुसऱ्या तुकड्याला शिवणकामाच्या सुईने एक भोक पाडून तेच करा. मग पाण्यात साबणाचा एक थेंब घालून पुन्हा मोजा. साबणाने पृष्ठताण कमी होतो. शेवटी भोकात सुती दोरा ओवून आणि नंतर नायलॉनचा दोरा ओवून पाहा. भोकावर चिकटपट्टी लावायची झाली तर ती पाण्याच्या बाजूने लावावी की कोरड्या बाजूने? दोन्ही करा, उंची मोजा, आणि फरक का पडतो ते वर्गात शिक्षकांशी बोला.